हरायला आलेली पोरं

२०२५ सालच्या गणपतीतली गोष्ट. ३० ऑगस्टची पहाट. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, करंज्यांचं सारण करायचं राहिलं होतं, मुखवटे अजून माळ्यावरच होते, आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर फोन हातात धरून अमेरिकेतला फुटबॉलचा सामना बघत होते. बघत होते म्हणजे काय, तर ॲन आर्बरला लेकीनं तिच्या टीव्हीसमोर तिचा फोन उभा करून ठेवला होता, तो मी इथून बघत होते. चेंडू दिसत नाही, नुसती पळापळ दिसते. पण गुण वाचता येतात. सत्त्याहत्तराव्या वर्षी डोळ्यांकडून त्याहून जास्त अपेक्षा नाही.

शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, "बाई, एवढ्या पहाटे कसला दिवा जळत होता?" खरं सांगितलं तर त्यांना वाटलं माझी थट्टा चालली आहे.

तर मंडळी, हा फुटबॉल आपला पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर भली मोठी पॅडं, बाजूला अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. शेवटच्या पट्टीत चेंडू पोचवला की सहा गुण, खांबांमधून लाथाडला तर तीन. एवढं कळलं की पुरे, बाकीचे नियम जावईसुद्धा गडबडून सांगतात. तिकडे तो व्यावसायिक संघांचा असतो तसाच कॉलेजांचाही असतो, आणि कॉलेजांच्या खेळाला कितीतरी गावं व्यावसायिकांपेक्षा जास्त जीव लावतात. मोसम सुरू होतो ऑगस्टच्या अखेरीस, त्यांच्या कामगार दिनाच्या सुट्टीला लागून. म्हणजे बहुतेक वेळा आपल्याकडे गणपती आले असतात किंवा यायचे असतात.

या पहिल्या आठवड्याची एक जुनी रीत आहे, आणि आज लिहायला बसले ती तिच्यासाठी. मोठी विद्यापीठं मोसमाच्या सुरुवातीला लहान विद्यापीठांना आपल्या मैदानावर बोलावतात. नुसतं बोलावत नाहीत, पैसे मोजतात. लहानांनी यायचं, मार खायचा, धनादेश घेऊन घरी जायचं. त्या पैशावर त्यांच्या इतर खेळांचाही खर्च निघतो. मोठ्यांना घरचा एक सामना मिळतो, सरावही होतो. सगळ्यांना निकाल आधीच माहीत असतो. निदान तसं समजतात.

मी २००६ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी ॲन आर्बरला गेले. नातू ऑगस्टमध्ये झाला. तो तीन-चार आठवड्यांचा असताना, १ सप्टेंबरला, जावयाच्या मित्राला ऐनवेळी काम निघालं आणि एक तिकीट उरलं. जावई म्हणाले, "आई, चला तुम्ही, एकदा बघून तर या." मी शाल आणि चिवड्याची पिशवी घेऊन निघाले. पिशवी आत नेता येत नाही म्हणून परत गाडीत ठेवावी लागली, त्याचा राग मनात धरूनच मी आत गेले.

मिशिगनचं ते स्टेडियम बाहेरून पाहिलं तर काहीच वाटत नाही, कारण बराचसा भाग जमिनीत खोल आहे. आमच्या साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे ना, वरून चालत जावं आणि एकदम पोटात खोली दिसावी, तसं. फक्त इथे विहिरीच्या कडांवर एक लाख नऊ हजार माणसं बसली होती. माझ्या जन्मात मी एवढी माणसं एका जागी पंढरीची वारी सोडली तर पाहिली नव्हती.

समोर होतं ॲपलाचियन स्टेट. नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगरातलं, बून नावाच्या गावातलं विद्यापीठ. ते वरच्या श्रेणीतलंसुद्धा नव्हतं, खालच्या श्रेणीत आधीची दोन वर्षं अजिंक्य ठरलेलं. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. पाहुण्यांना यायचे चार लाख डॉलर मिळाले होते. जावई म्हणाले, "अर्ध्या वेळानंतर निघू आपण, बाळ एकटं आहे." बाळ एकटं नव्हतं, आई होती जवळ, पण त्यांना म्हणायचं होतं की सामना तोवर संपलेला असेल.

अर्ध्या वेळेला पाहुणे २८-१७ नं पुढे होते. निघायचं कुणी नावच काढेना. पुढे मिशिगननं जोर केला, ३२-३१ अशी आघाडी घेतली, आणि शेवटचा अर्धा मिनिट राहिला असताना डोंगरातल्या पोरांनी चेंडू खांबांमधून मारून ३४-३२ केलं. तरी मिशिगनला शेवटची एक लाथ मारायची संधी मिळाली. ती गेली असती तर सगळं ठीक झालं असतं. त्यांच्या एका पोरानं उडी मारून ती अडवली.

मला आठवतो तो त्यानंतरचा आवाज. म्हणजे आवाज नव्हताच. एक लाख माणसं गप्प, आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात काळ्या-सोनेरी कपड्यांतली थोडी माणसं वेडी झाली होती. जावयांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, सुतकात बसल्यासारखे बसले होते. आणि मला, खरं सांगते, हसू आवरत नव्हतं. मी मिशिगनच्याच बाजूची, तिकीट त्यांचं, मीठ त्यांचं, पण तोंडावर पदर धरून हसत होते. तिकडे बूनमध्ये विद्यार्थ्यांनी आपल्याच रिकाम्या स्टेडियममधले गोलाचे खांब उपटून कुलगुरूंच्या अंगणात नेऊन टाकले, असं दुसऱ्या दिवशी कळलं. सामना हजार किलोमीटरवर आणि खांब आपल्या घरचे! मला ते फार आवडलं.

त्या दिवसापासून मी या खेळाची झाले. अठरा वर्षं झाली, एकही पहिला आठवडा चुकवलेला नाही.

आता या रीतीवर गंडांतर आलं आहे असं मला वाटतं. लोक म्हणतात, तिकिटाला एवढे पैसे मोजून एकतर्फी सामने का बघायचे? पहिल्याच आठवड्यात दांडगे दांडग्यांशी भिडू देत. २०२५ मध्ये ओहायो स्टेटनं टेक्ससला १४-७ हरवलं, आदल्या मोसमात बारांपैकी दहा सामने हरलेल्या फ्लोरिडा स्टेटनं अलाबामाला ३१-१७ लोळवलं. चांगलेच सामने होते, नाही कोण म्हणतं? पण त्याच ऑगस्टमध्ये दक्षिणेतल्या सोळा बड्या विद्यापीठांच्या गटानं ठरवलं, की २०२६ पासून आपापसात आठऐवजी नऊ सामने खेळायचे. एकूण सामने बाराच. उरले तीन, त्यातला एक पुन्हा कुणा मोठ्याशीच खेळला पाहिजे असा नियम. म्हणजे लहानांसाठी उरल्या दोन जागा. पाटावर बसलेल्यांनी आणखी पसरून बसायचं ठरवलं, की पंगतीतून कुणाला उठावं लागतं ते आपल्याला ठाऊक आहे.

पैशाचीही बाजू आहे. खेळाडूंना २०२१ पासून आपल्या नावावर कमाई करता येते, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला दोन कोटी पाच लाख डॉलर. यावर आमच्या जावयांच्या मित्रमंडळींत फार हळहळ आहे, खेळ बाटला म्हणून. मला नाही हळहळ वाटत. पोरं हाडं मोडून घेतात, एक लाख माणसं तिकीट काढून बघायला येतात, मग पैसे प्रशिक्षकानंच का न्यावेत? द्या त्यांना. पण त्याबरोबर दुसरं एक झालं, पोरांना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं फार सोपं झालं. लहान ठिकाणी कुणी चमकला की पुढच्या वर्षी मोठ्या ठिकाणी. २००७ मध्ये मिशिगनला नाचवणारा तो अर्मांटी एडवर्ड्स तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता, आणि २००९ पर्यंत बूनमध्येच खेळला. आज असता तर डिसेंबर उजाडायच्या आत त्याला दहा ठिकाणांहून बोलावणी आली असती. त्यानं जावं की नाही हा त्याचा प्रश्न, आणि गेला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. एवढंच म्हणते, की लहानांकडची माणसंही न्यायची आणि मैदानावर यायची वाटही बंद करायची, हे दोन्ही एकदम नको.

"पण आजी, ते पैसे घेऊन हरायला येतात," असं नातू पूर्वी म्हणायचा. दहा-अकरा वर्षांचा होता तेव्हा. खरंच आहे, बहुतेक वेळा हरतातच. साठ-साठ गुण खातात, पोरं जायबंदी होतात. ते बघवत नाही मला. तरी मी या रीतीच्या बाजूनं आहे, आणि याचं कारण अमेरिकेतलं नाही.

आमची शाळा लहान गावातली. क्रीडाशिक्षक नव्हतेच, मुलींचा खो-खो माझ्याकडे होता, कारण मी कॉलेजात असताना खेळले होते. १९८४ च्या सुमाराची गोष्ट असेल. तालुक्याच्या स्पर्धेत पहिलाच सामना मोठ्या गावातल्या शाळेशी पडला. आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला एक डाव राखून हरवलं होतं. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "बाई, पाठवायच्या का? एसटीचं भाडं, जेवण..." मी म्हटलं, राहू द्या सर, उगाच मुलींचा हिरमोड. माझं मत विचारलं होतं आणि मी ते दिलं. आठवीतली एक मुलगी दुपारच्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी आली. म्हणाली, "बाई, आम्हाला जायचं होतं." मी तिला सांगितलं, अगं हरला असता. ती म्हणाली, "ते माहितीये." आणि गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, शाळा सुटली. मी तिला कुठलं मैदान दाखवायचं राहिले, ते मला तेव्हा कळलं नाही. तेवीस वर्षांनी चिवड्याची पिशवी गाडीत ठेवून त्या विहिरीत उतरले तेव्हा कळलं.

असो. नातवाचं सांगायचं राहिलं. तो २०२५ मध्ये कॉलेजात गेला. सगळ्यांना वाटत होतं मिशिगनलाच जाणार, घर तिथे, बाप तिथला. गेला वेस्टर्न मिशिगनला, कॅलामझूला. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरगं काहीतरी खाऊचं नाव सांगतंय. मध्यम आकाराचं विद्यापीठ, लहान गटात खेळणारं. जावई वरवर काही बोलले नाहीत. मी मात्र बसून त्यांचा इतिहास पाहिला. २०१६ साली यांनी पहिल्याच सामन्यात नॉर्थवेस्टर्नला त्यांच्या घरी २२-२१ असं एका गुणानं हरवलं आणि तिथून ओळीनं तेरा सामने जिंकले. तो पहिला सामना मिळालाच नसता तर?

त्या गौरींच्या आधीच्या पहाटे मी बघत होते तो सामना यांचाच, मिशिगन स्टेटच्या मैदानावर. २३-६ नं हरले. नातू मित्रांच्या गाडीतून तिथे गेला होता. दुसऱ्या दिवशी मिशिगननं न्यू मेक्सिकोला ३४-१७ हरवलं, तेव्हा लेकीच्या घरी आनंदीआनंद होता आणि हा खोलीत झोपला होता. मी फोन केला तर घसा इतका बसलेला, की मला वाटलं कफ झाला. म्हटलं, "आल्याचा रस घे मधातून. हरलात की रे."

"हो, माहितीये," म्हणाला. "आजी, पण आम्ही शेवटपर्यंत थांबलो होतो."

मग मी सारणात वेलची घालायला उठले.