मेनिंजिओमाचा रिपोर्ट पूर्ण हवा

प्रति,
मा. संचालक,
टाटा मेमोरियल सेंटर, परळ, मुंबई



आमच्या कोलशेतला लागून असलेल्या बाळकुममध्ये टाटा मेमोरियलच्या सहकार्याने कर्करोग रुग्णालय होऊ घातलं आहे. कळवा-डोंबिवलीच्या पेशंटची परळची वारी त्यामुळे वाचेल. बाळकुमच्या पॅथॉलॉजी विभागासाठी एक मागणी मी आत्ताच आपल्या कानावर घालते.

मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणातून उगवणारी गाठ. दहातल्या आठ श्रेणी 1 च्या असतात, म्हणून ऑपरेशननंतर घरच्यांना सांगतात, ‘कॅन्सर नाही, निर्धास्त राहा.’ आईच्या वेळी आम्हीही निर्धास्त झालो. काही वर्षांनी गाठ त्याच जागी परत आली. जुना रिपोर्ट काढला, तर त्यात निदान आणि श्रेणी एवढंच. पेशींची विभाजनं किती दिसली, गाठ मेंदूत घुसली होती का, की-67 किती, यातलं काहीच नव्हतं.

नातेवाईक हमखास विचारतात, ‘रक्तातली मार्कर टेस्ट आहे का?’ गाठ परत येईल का, हे सांगणारी अशी रक्ततपासणी नेहमीच्या उपचारात नाही. खुणा असतात त्या काढलेल्या गाठीत. सूक्ष्मदर्शकाच्या दहा हाय-पॉवर फील्डमध्ये चार किंवा जास्त विभाजनं दिसली की श्रेणी 2, वीस झाली की श्रेणी 3. की-67 वाढत्या पेशी दाखवतं, पण त्याचा आकडा लॅबगणिक बदलतो. म्हणून तो कसा मोजला हेही लिहायला हवं. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर नसणं ही चांगली खूण नव्हे. आणि 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने तर मोठाच बदल केला: टर्ट जनुकाच्या प्रमोटरमध्ये म्युटेशन असेल, किंवा सीडीकेएन2ए/बी जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही शांत दिसो, ती श्रेणी 3.

सगळ्यांच्या सगळ्या जनुकीय चाचण्या करा, असं मी म्हणत नाही. खर्च कोणाला झेपणार? पण संशयास्पद गाठींसाठी, परत आलेल्यांसाठी, तो रस्ता खुला हवा. विभाजनं मोजून लिहायला तर सूक्ष्मदर्शक आणि वेळ पुरतो.

सर्जनच्या नोंदीचंही तेच. डोनाल्ड सिम्पसन यांनी 1957 साली दाखवलं की चिकटलेलं आवरण आणि बाधित हाड यांसह गाठ पूर्ण काढली तर 9 टक्के रुग्णांत ती परतते, आवरण नुसतं जाळून ठेवलं तर 19 टक्के. गाठ किती काढली हे सांगणाऱ्या इतक्या जुन्या सिम्पसन श्रेणीचा आकडा डिस्चार्ज कार्डावर नसावा, याचं मला फार वाईट वाटतं. पुढचा एमआरआय कधी आणि रेडिएशन द्यायचं का, हे ठरवताना डॉक्टरांना तोच लागतो.

नोंदणीतही हीच उणीव. अमेरिकेत 2002 साली कायदा झाला आणि 2004 पासून मेंदूच्या सौम्य गाठीही कर्करोग नोंदणीत आल्या. तिथे मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींत मेनिंजिओमाच सर्वाधिक, तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासूनची, पण आपल्याकडे नोंद होते ती मुख्यतः घातक गाठींची. श्रेणी 1 ची गाठ असलेली बाई त्यात दिसत नाही, आणि तिची गाठ परतली तर तेही दिसत नाही.

आपण 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडद्वारे देशभरची रुग्णालयं जोडलीत. त्यांच्यासाठी मेनिंजिओमाच्या रिपोर्टचा एकच मराठी-इंग्रजी नमुना काढा. त्यात विभाजनं, मेंदूतली घुसखोरी, की-67 आणि सिम्पसन श्रेणी यांचे रकाने रिकामे सोडता येऊ नयेत. काढलेल्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक कुठे ठेवलाय, त्याचा क्रमांक काय, हे पेशंटच्या हाती लेखी द्या. गाठ दहा वर्षांनीही परतू शकते. त्या वेळी नवी चाचणी जुन्या ब्लॉकवरच करावी लागेल. बाळकुमला पहिला पेशंट दाखल होण्याआधी हा नमुना छापून तयार असावा, एवढी विनंती.

आपली नम्र,
कोलशेतची एक रहिवासी