माळावरचा लांडगा

सुरतेनजीक कोसाडला माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या मुलांना लांडगा ठाऊक आहे तो गोष्टीतला, लबाड नि क्रूर. आम्हां थोरांचे ज्ञान तरी याहून किती अधिक आहे?

भावनगर संस्थानच्या जुन्या शिकारीच्या कुरणात, वेळावदरला, डॉ. यादवेंद्रदेव झाला यांनी काळवीट आणि लांडगे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. राग एका बैठकीत उमगत नाही, जनावराचेही तसेच. त्यांना आढळले की, तेथील लांडगा मुख्यतः काळविटांवर जगतो. जेथे काळवीट सरले, तेथे तो धनगराच्या मेंढरांकडे वळतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात लांडगे सुमारे ३,१०० आहेत. म्हणजे वाघांहूनही कमी!

१९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात लांडग्यांनी मुले उचलून नेली, हे नाकारून चालणार नाही. अशा वेळी नेमके अपराधी जनावर हेरून त्याचाच बंदोबस्त करावा. दिसेल तो लांडगा मारणे हा न्याय नव्हे. मेंढरू गेले, तर धनगराला भरपाई विनाविलंब मिळावी. नाहीतर त्याचा राग विषप्रयोगातून निघेल.

पण खरा घाव माळावर पडतो आहे. सरकारी दप्तरात गवताळ माळ 'पडीक' ठरतो. मग तो नांगरला जातो, विकला जातो. आपल्यापैकी कित्येकांचे असे माळ गावाकडे आहेत. सौदा करण्यापूर्वी तेथे कोण नांदते आहे, एवढे तरी पाहावे.