डॉक्टराने म्हणे नाडीच बघावी!

कामगार बंधूंनो,

भाषेची, राज्याची, एकीची गोष्ट निघाली की एक शहाणा सूर हमखास ऐकू येतो : "डॉक्टराने नाडी बघावी, शास्त्रज्ञाने दुर्बीण बघावी. चळवळीत कशाला पडावं?" बोलणारा बहुधा पंख्याखाली बसलेला असतो. आम्ही त्याला विचारतो, बाबा रे, जर्मनी नि इटली हे देश एक झाले ते काय नुसत्या तोफांनी?

१८२२ साली जर्मनी नावाचं राज्यच नव्हतं. तीस-चाळीस संस्थानं आणि जागोजाग जकातनाके, एवढाच काय तो पसारा. लोरेंझ ओकेन हा वैद्यकी शिकलेला प्राध्यापक 'इसिस' नावाचं पत्र काढी. १८१९ साली त्याला बजावलं गेलं, पत्र बंद कर नाहीतर खुर्ची सोड. पठ्ठ्याने खुर्ची सोडली! मग १८२२ साली लाइपझिगला त्याने जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांची सभा भरवली. राजकीय परिषद भरती तर पोलीस धावले असते. पण बेडकांवर नि हाडांवर बोलणाऱ्यांना कोण अडवणार? दर साली सभा नव्या गावी. म्हणजे दर साली संस्थानांच्या वेशी ओलांडायच्या, आणि एकाच भाषेत बोलायचं. १८२८ साली बर्लिनला हुम्बोल्टच्या अध्यक्षतेखाली माणसं शेकड्यांनी जमली.

इटलीतही तेच. १८३९ साली पीसाला शास्त्रज्ञांची पहिली परिषद भरली, तेव्हा पोपने आपल्या राज्यातल्या विद्वानांना जायला बंदी केली. पोपला बरोबर वास आला होता! १८४७ ची परिषद व्हेनिसला झाली आणि पुढच्याच साली व्हेनिस ऑस्ट्रियाविरुद्ध उठलं. १८६० साली गॅरिबाल्डीच्या हजार शिलेदारांच्या मोहिमेसाठी पैसा नि माणसं जमवण्यात राबला तो आगोस्तिनो बेर्तानी, तोही डॉक्टरच.

पण या सभांना आम्ही डोक्यावर घेऊन नाचणार नाही. तिथे प्राध्यापक होते, सरदार होते. विणकराला खुर्ची नव्हती. १८४४ साली सिलेसियातले विणकर पोटासाठी उठले, तेव्हा प्रशियाच्या लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

त्याच सिलेसियाच्या वरच्या भागात १८४८ साली उपासमार आणि टायफसची साथ आली. सरकारने रुडॉल्फ फिर्खो नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर पाठवला. सरकारला वाटलं, चार औषधं लिहून देईल. त्याने लिहिलं काय? यांना पोटभर अन्न द्या, रस्ते द्या, शाळा द्या, लोकशाही द्या. आणि ही प्रजा पोलिश बोलते, साहेब जर्मन बोलतो. म्हणून कारभार पोलिश भाषेत करा! बंधूंनो, साथीच्या अहवालात एक डॉक्टर लोकभाषा मागतो. कारण न कळणाऱ्या भाषेत आलेला हुकूमही फुकट नि शिक्षणही फुकट, हे त्याने झोपड्यांत हिंडून पाहिलं होतं. तो बर्लिनला परतला नि मार्चमध्ये मोर्चेबंदीवर उभा राहिला. १८४९ साली इस्पितळातली जागा गेली.

पुढे १८७१ साली जर्मनी एक झाला खरा, पण बिस्मार्कच्या हुकमाने. नि लगेच वरच्या सिलेसियातल्या शाळांतून पोलिश हुसकावली गेली. याच काळात बिस्मार्कने कॅथलिक धर्मसंस्थेशी भांडण उकरलं, त्याला आमचा हा फिर्खोच दुजोरा देत होता. त्याची झळ लागली ती त्याच पोलिश गरिबांना. हे लपवून आम्हाला त्याचा पुतळा उभारायचा नाही. पण १८४८ चा त्याचा अहवाल आजही आमच्या कामाचा आहे.

कापसाची धूळ छातीत बसते, माणूस खोकून खोकून वाकतो, आणि हातात काय पडतं? इंग्रजी चिठ्ठी! धुळीचं नाव त्यात नाही, खात्याचं नाव नाही. तेव्हा डॉक्टरसाहेब, तुमच्या संघाच्या पुढच्या अधिवेशनात एक ठराव मांडा : गिरणीतल्या रोगाचा दाखला मराठीत लिहू, आणि तो कामाने जडला असेल तर तसं स्पष्ट लिहू. ठराव मांडणाऱ्याच्या मागे दारात उभं राहायला आम्ही पाळी सुटली की येतो.