सल्ले पुष्कळ, विचारणारं कुणी नाही



जळगावात 'कोचिंग' म्हटलं की पाठीवर दप्तर अडकवून नीट-जेईईच्या क्लासला धावणारी पोरंच डोळ्यांसमोर येतात. म्हणून धुळ्याहून भाचेसुनेचा फोन आला, "मामीजी, मी कोचिंग लावलंय," तेव्हा मी विचारलं, "कुठली परीक्षा देतेस गं?" ती हसायलाच लागली.

परीक्षा नव्हती. एम.कॉम. झालेली पोरगी, लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होती. नंतर दोन मुलं, सात वर्षं घर. आता धाकटा शाळेत जायला लागला आणि पुढे काय करावं ते सुचेना. म्हणून आठवड्यातून एकदा पाऊण तास लॅपटॉपवर एका बाईंशी बोलायचं आणि त्यांची फी द्यायची. आमच्या नात्यात लगेच कुजबुज: "बोलायचेही पैसे?" मला विचाराल तर ते पैसे ऐकण्याचे आहेत, आणि ऐकणं हल्ली महागच झालंय.

तिला सल्ला देणारे काय कमी होते? सासरे म्हणाले दुकानाचे हिशोब बघ, आईने सांगितलं शिकवण्या घे, भिशीतल्या बायका म्हणाल्या खाकऱ्याच्या ऑर्डरी घे. त्या बाईंनी एकही सल्ला दिला नाही, नुसतं विचारत राहिल्या. तुला पैसा हवाय की घराबाहेर पडायचंय? दिवसातले कोणते तास खरोखर तुझे आहेत? तिथे खरी गोम निघाली. घरात चौविहार. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे त्याच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची. सहाला सुटणारी नोकरी त्या घरात बसणार कशी? शहरातल्या बाईंना चौविहार काय ते माहीत नव्हतं, पण त्यांनी एक प्रश्न बरोबर टाकला: "संध्याकाळचा स्वयंपाक तुम्हीच करायचा, असं कोण म्हणालं?" कुणीच म्हणालं नव्हतं! सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला कुणी आजवर विचारलंच नाही, मी करेन की." आता ती एका सीएंच्या ऑफिसात चारपर्यंत जीएसटीचे रिटर्न भरते, आणि महिनाअखेरीला उशीर झाला तर पोळ्या सासूबाई टाकतात.

ही पद्धत परदेशातून आली असं सगळे म्हणतात. नाव आलं असेल. आपल्या वाकोदचे भवरलालजी जैन वाणिज्य आणि कायदा शिकले, सरकारी नोकरी चालून आली, आणि आईच्या सांगण्यावरून त्यांनी ती सोडून धंद्यात उडी घेतली. १९६३ साली ७,००० रुपयांच्या भांडवलावर हातगाडीवरून रॉकेल विकून सुरुवात झाली. पुढचं जळगावकरांना मी काय सांगू? त्या माउलीजवळ कोचिंगचं सर्टिफिकेट नव्हतं. पण प्रत्येकीच्या घरात तशी आई असतेच असं नाही. सासर-माहेर दोन्हीकडच्यांचा आपल्या निर्णयात काही ना काही स्वार्थ गुंतलेला असतो, प्रेमाचा का होईना. बाहेरच्या माणसाचा उपयोग होतो तो इथेच.

आणि प्रश्नोत्तरांचं म्हणाल तर आपलं भगवती सूत्र काय आहे? गौतमस्वामी विचारतात, भगवान महावीर उत्तर देतात. त्यांची पुढची कथा आपण दर दिवाळीला ऐकतो. भगवानांवरचा गौतमस्वामींचा राग, म्हणजे ती प्रेमाची आसक्ती, सुटत नव्हती. भगवानांनी त्यांना देवशर्माला बोध करायला दूर पाठवलं. निर्वाणाची बातमी कानी आली, ते व्याकूळ झाले, आणि मग पाडव्याच्या पहाटे त्यांना केवलज्ञान झालं. वहीपूजनाला आपण त्यांचं नाव लिहितो, पण ही बाजू विसरतो. आजच्या कोचची पारख मी यावरूनच करते. तो तुम्हाला दूर जाऊ देतो की पुढच्या पॅकेजकडे ओढतो? भाचेसुनेच्या बाईंनी आठव्या बैठकीला स्वतःच सांगितलं, आता गरज वाटली तरच फोन करा. दुसरीकडे माझ्या ओळखीतल्या एका विधवा बाईला दुकान विकायचं की चालवायचं हे ठरवायला मदत हवी होती, आणि तिच्या गळ्यात वर्षभराचा कोर्स मारला गेला. पहिले तीन महिने 'सकारात्मक विचार'च चालू होते, तोवर दुकानाचा भाडेकरार संपत आला.

मी कॉमर्सवाली, म्हणून व्यवहाराचं सांगते. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. काही संस्था प्रमाणपत्रं देतात, १९९५ पासूनची एक आंतरराष्ट्रीय फेडरेशनही आहे, पण सक्ती कशाचीच नाही. तेव्हा आधी एकच बैठक घ्या. फी, बैठका किती, मध्येच थांबलो तर पैसे परत मिळतील का, हे लेखी मागा. "तुमची मिळकत दुप्पट करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच जय जिनेंद्र करा.

आणखी एक. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी अवस्था असेल तर ते कोचचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. सरकारची टेलिमानस लाइन १४४१६ या नंबरवर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. घरातल्या पुरुषांनाही दाखवा, धंदा बुडाल्यावर ते आपल्याला सांगत नाहीत.