संपादकीय : शिक्षकांची सुटी



हे चार शब्द येनाहून लिहितो आहे. येना म्हटले की आपल्यातल्या बहुतेकांना झाइसची भिंगे आठवतील. पण याच गावात १८८९ साली प्रा. विल्हेल्म राइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी सुटीतले अभ्यासवर्ग सुरू केले. परदेशांतूनही शिक्षक-शिक्षिका येत आणि काही दिवस पुन्हा विद्यार्थी होत.

ही परंपरा पुढे अनेक देशांत रुजली. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथे १९८१ पासून दर उन्हाळ्यात डिकन्सच्या वाचनासाठी आठवडाभर मंडळी जमतात. त्यांत शाळाशिक्षकही असतात. मात्र अमेरिकन सरकारच्या मानव्यविद्या निधीतून चालणाऱ्या अनेक उन्हाळी शिक्षकवर्गांचे अनुदान एप्रिल २०२५ मध्ये अचानक रद्द झाले.

दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या वाचून शिक्षकाला काय मिळते? 'हार्ड टाइम्स' (१८५४) पाहा. सर्कशीतल्या घोड्यांमध्ये वाढलेल्या मुलीला वर्गात घोड्याची व्याख्या सांगता येत नाही. वर्गातला दुसरा एक मुलगा ती दातांच्या संख्येसकट घडाघडा म्हणून दाखवतो आणि तेच उत्तर बरोबर ठरते. हे वाचलेला शिक्षक जूनमध्ये वर्गात गेला की गप्प बसलेल्या मुलीकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आमच्या शाळेत डिकन्स आला तो गाईडमधून : कथेचा सारांश, पात्रांचे स्वभाव, पाच गुणांचे उत्तर. म्हणजे डिकन्सने ज्याची टर उडवली, तेच! दोष सरांचा नव्हता. साठ मुलांचा वर्ग, ग्रंथालयाला कुलूप, आणि सुटीत मतदारयाद्यांचे काम. त्यांना वाचायला वेळ कोणी दिला होता?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. पण त्या तासांत अख्खे पुस्तक वाचायला किती जागा असेल, हा प्रश्नच आहे.

आपण गावच्या शाळेला संगणक देतो, फळे देतो, फोटो काढतो. चांगलेच आहे. एखाद्या वर्षी दहा शिक्षकांना दोन आठवड्यांची सुटी देऊन पाहू या का? प्रवास, निवास, पुस्तके आपली. एका बाजूला 'हार्ड टाइम्स', दुसऱ्या बाजूला १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेली हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' दोन्ही व्हिक्टोरिया राणीच्याच काळातल्या. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. वाचायचे आणि भांडायचे.

आपल्याला काय वाटते, जरूर कळवा. विरोधी मतांचेही स्वागत आहे.

– संपादक