शाळा ‘सोडली’ की ‘सुटली’?

जुना जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडच्या आमच्या वस्त्यांत अधूनमधून कोणीतरी फॉर्म घेऊन येतं. मुलं किती, शाळेत किती, ‘गळती’ किती. शाळा सोडण्याचं कारण? ‘पालकांची उदासीनता’. केली खूण, झाला अभ्यास!

त्याच घरांत आम्ही निवांत बसलो, तेव्हा आई म्हणाली, “पोरीची शाळा सुटली.” फॉर्मवर मात्र ‘सोडली’. ‘सोडली’ म्हटलं की कर्ता मुलगी, दोषही तिचाच. ‘सुटली’ म्हटलं की कर्ता शोधावा लागतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापामागे धाकट्यांना कोण सांभाळणार होतं? वर्गात तिला मागं कोणी बसवलं? आणि ‘गळती’ म्हणजे काय, पोरं काय नळाचं पाणी आहेत आपोआप गळायला?

वस्तीत बसलो नसतो तर हा शब्द ऐकूच आला नसता. तत्त्वविचार नसता तर ऐकूनही कळला नसता. म्हणून दोन्ही लागतं.

पण वाटणी ठरलेली आहे. माहिती आमची, सिद्धांत त्यांचा! गोपाळ गुरू यांनी २००२ मध्येच या विषमतेवर बोट ठेवलं: सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र. समाजशास्त्रातलीही ही वर्णव्यवस्थाच.

आपला वारसा ही वाटणी मानत नाही. जोतीराव स्वतः शाळा चालवून १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे गेले आणि विचारलं, कर शेतकऱ्याचा, मग शिक्षण कोणाचं? बाबासाहेबांनी २९ मे १९२८ रोजी सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात आकडे मांडलेच. शिवाय १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाचा अर्जही मांडला. त्या एका अर्जाने सरकारचं धोरण उघडं पाडलं.

आता थोडं आपल्यांनाही. जयंतीच्या स्टेजवर समतेचं तत्त्वज्ञान सांगणारे किती जण शेजारच्या गल्लीत शाळा सुटलेल्या पोरीशी बोललेत? आणि एनजीओचे फॉर्म भरणाऱ्या किती जणांनी त्यातल्या प्रश्नालाच प्रश्न विचारला?

तथागतांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे: ये आणि बघ. नुसतं ये नाही, बघसुद्धा!

एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, प्रबंध कपाटासाठी लिहू नका. वस्तीत बसा, तिचे शब्द तिच्याच तोंडचे लिहा, निष्कर्ष आधी वस्तीला वाचून दाखवा. आमची वस्ती कोणाचं ‘सॅम्पल’ नाही. ती विचार करते.

जयभीम! नमो बुद्धाय!