चाकांचा दुसरा जोड

दिवाळी अंकासाठी आलेल्या पत्रांत सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचे पत्र आहे. तीस वर्षे त्यांनी एस. टी. ची गाडी चालवली, आणि त्यांतली बरीच वर्षे महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात. मुलगी आता कॅनडात, मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लावाल गावी आहे. इस्पितळात नर्स आहे, आठवड्यातून चार दिवस रात्रपाळी. जावयांनी २०१६ सालची जुनी फोक्सवॅगन गोल्फ घेतली आहे आणि हा तिचा त्या घरातला पहिला हिवाळा. बर्फासाठी वेगळे टायर हवेत, एवढ्यावर नवराबायकोचे एकमत आहे. पुढे मात्र तंटा आहे. मुलगी म्हणते, टायरबरोबर चार रिमही दुसऱ्या घ्या. जावई म्हणतात, आहेत त्याच रिमांवर नोव्हेंबरात टायर चढवू, एप्रिलात उतरवू, रिमांना पैसे कशाला? सगळा खर्च पंधराशे डॉलर, म्हणजे रुपयांत लाखाच्या घरात! गृहस्थ लिहितात, "जावई माझा शब्द मानतात. पण मी जन्मभर धुक्यात, धो धो पावसात त्याच चाकांवर गाडी हाकली. हे ऋतूऋतूंचे टायर मला ठाऊक नाहीत. खरे काय ते कळवा, म्हणजे तसे फोनवर सांगतो."

काका, आपला शब्द मानला जातो म्हणूनच हे उत्तर जरा लांबवर लिहितो.

आधी टायरचे. आपल्या घाटातले पाणी आणि तिकडचा बर्फ यांत फरक ओलाव्याचा नाही, थंडीचा आहे. डिसेंबरात डब्यातले तूप जसे घट्ट होते, तसे साध्या टायरचे रबर गारठ्याने कडक होत जाते. उष्णतामान ७ अंशांच्या खाली उतरले की साध्या टायरची पकड कमी होऊ लागते, असा ढोबळ हिशेब तिकडे सांगतात. त्याला बर्फच पडायला हवा असे नाही, कोरडा रस्ताही पुरतो. लावालला जानेवारीतल्या रात्री शून्याखाली पंधरा-वीस अंश ही नवलाची गोष्ट नव्हे. हिवाळी टायरचे रबर अशा थंडीतही मऊ राहील असे घडवलेले असते, आणि त्याच्या नक्षीत सुरीने चिरल्यासारख्या शेकडो बारीक फटी असतात. त्या फटींत बर्फ धरला जातो आणि बर्फाला बर्फ चिकटतो. पोरांनी गोळे करून पाहिलेच असतील.

गाडीबरोबर आलेले जे 'ऑल-सीझन' टायर आहेत त्यांच्या नावावर जाऊ नये. त्यांतले ऋतू क्विबेकचे नाहीत. क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. हा कायदा २००८ साली आला तेव्हा मुदत १५ डिसेंबरपासून होती, २०१९ पासून ती अलीकडे ओढली. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, ही खूण असली म्हणजे टायर कायद्याला चालतो. नसली तर दोनशे ते तीनशे डॉलर दंड. हीच खूण 'ऑल-वेदर' नावाच्या टायरांवरही असते. नाव 'ऑल-सीझन'सारखेच, जात निराळी. ते बारा महिने चालतात, बदलाबदल नको, दुसऱ्या रिमाही नकोत. शहरात दिवसाउजेडी फिरणाऱ्या माणसाला मी ते खुशाल घ्या म्हणेन. पण जिला पहाटे नमक टाकणारी गाडी यायच्या आधी रस्त्यावर यायचे आहे, तिच्यासाठी खरे हिवाळी टायरच हवेत, आणि चारही चाकांना. पुढच्या दोनांनाच घालण्याची काटकसर कोणी सुचवली तर ऐकू नये. ब्रेक दाबताच मागचा भाग वळून पुढे येतो.

हिवाळी टायरचा शोध फिनलंडचा. १९३४ साली तिथल्या कारखान्याने मालमोटारींसाठी पहिला असा टायर काढला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी काढला त्याचे नाव ठेवले हक्कापेलीटा. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाकडून लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे ते नाव, त्यांच्या रणगर्जनेवरून पडलेले. म्हणजे आपल्याकडे कोणी टायरला 'हर हर महादेव' नाव द्यावे तसे. हा टायर आजही त्याच नावाने विकला जातो.

आता मुख्य भांडण. काका, पहिली गोष्ट जावयांना ही सांगा की वाद पंधराशे डॉलरचा नाहीच. हिवाळी टायर दोघांच्याही बेतात आहेत. आणि हिवाळ्यात ते झिजतात तेव्हा उन्हाळ्याचे माळ्यावर विश्रांती घेतात, तेव्हा तो खर्चही सगळा वाया नाही. वाद आहे तो फक्त चार रिमांचा. समजा चार पोलादी रिमांना चारशे डॉलर पडले. त्याच रिमांवर टायर काढून-घालून, बॅलन्स करून घ्यायला दर खेपेस समजा एकशेवीस, आणि तयार चाके नुसती बदलायला साठ. वर्षाला दोन खेपा, म्हणजे एकशेवीसची बचत. साडेतीन वर्षांच्या आत रिमा फिटल्या. मुलीने जॅक आणि पान्हा हातात घेतला तर दोन वर्षांच्या आत. मी मुलाकडे तिकडे दोन हिवाळे काढले आहेत. नोव्हेंबरातल्या शनिवारी गल्लीत दर तिसऱ्या घरापुढे कोणीतरी गुडघ्यावर बसून चाके बदलत असते, त्यात बायकाही पुष्कळ. शिवाय टायर रिमेवरून दरवर्षी दोनदा उपटला की त्याची कड दुखावते, तो तोटा हिशेबात धरलेला नाही.

आपल्याकडे पाचवे चाक असते, त्याला आपण स्टेपनी म्हणतो. (हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४ साली तिथल्या डेव्हिस नावाच्या माणसाने हे जादा चाक काढले. साहेब गेला, इंग्लंडात शब्दही विरला, आपल्या गॅरेजांत मात्र टिकला.) तिकडे चार स्टेपन्या असतात, एवढाच फरक समजा.

पोलाद की अलॉय? माझे मत पोलादाच्या बाजूचे आहे. रस्त्यावर टाकलेले मीठ अलॉयच्या वरच्या रोगणाखाली शिरते आणि पापुद्रे सुटतात. मॉन्ट्रियलचे मार्चमधले खड्डे पाहिले की आपल्याला घरी आल्यासारखे वाटते, आणि अशा खड्ड्यात पोलादी रिम वाकते, ती ठोकून सरळ होऊ शकते. अलॉय तडकते. पोलाद जड आहे, गंजते, दिसायला कळकट आहे, हे खरे. पण जावयांना गाडीच्या मूळच्या १७ इंची अलॉयचे कौतुक असणारच, तर त्यांना सांगावे की ती नवी राखायची असतील तर मिठात नेऊ नयेत. या मुद्द्यावर ते बहुधा लगेच वळतील.

मापाकडे मात्र बारकाईने पाहायला हवे, कारण इथेच माणसे फसतात. त्यांच्या गाडीला २२५/४५-१७ टायर आहेत. हिवाळ्यात रिम लहान आणि टायर उंच घ्यावा: २०५/५५-१६ किंवा १९५/६५-१५. तिन्ही मापांत चाकाचा बाहेरचा व्यास ६३ सेंटिमीटरच्या आसपासच राहतो, त्यामुळे वेगाचा काटा खोटे बोलत नाही. अरुंद टायर बर्फ कापून खाली रस्त्याला टेकतो, त्याची जाड बाजू खड्ड्याचा मार सोसते, आणि किंमतही कमी पडते. १५ इंची सगळ्यांत स्वस्त, पण आत ब्रेकचे कॅलिपर मावायला हवे. गाडी जीटीआय असेल तर १५ इंचीचे नाव सोडा. साधी गोल्फ असली तरी एक रिम हबावर लावून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय चारांचे पैसे देऊ नयेत. दुकानदार कुरकुरला तर दुकान बदलावे. मान्य मापे चालकाच्या दारापाशी किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेली असतात.

मग छिद्रे. या गोल्फला पाच बोल्ट, आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास ११२ मिलिमीटर. जुन्या बाजारात 'गोल्फच्या रिमा' म्हणून स्वस्तात मिळतात त्यांत चौथ्या पिढीच्या गोल्फच्याही असतात, आणि त्यांचे वर्तुळ १०० चे आहे. त्या बसतच नाहीत, म्हणून निदान धोका नाही. धोका ११४.३ वाल्यांचा. होंडा, टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांना हे माप असते. फरक जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा, आणि पाच छिद्रे समोरासमोर येत नसल्याने टेपने मोजून कळत नाही. रेटून एखाद-दुसरा बोल्ट बसतोही, पण तो वाकडा बसलेला असतो. असे चाक रात्री तीन वाजता हमरस्त्यावर सुटले तर काय, ते आपल्याला मी सांगायला नको.

मधले भोक गोल्फला ५७.१ मिलिमीटरचे लागते. मर्सिडीजच्या रिमेला वर्तुळ ११२ चेच, पण भोक ६६.६ चे. ती लागते, मात्र हबावर सैल राहते आणि गाडी थरथरते. मधे नेमक्या मापाची कडी घालावी लागते. ऑफसेट म्हणून आणखी एक आकडा रिमेवर कोरलेला असतो. गोल्फला तो चाळीसच्या पुढे, पन्नासच्या आसपास. फार कमी असला तर चाक मडगार्डबाहेर डोकावते, फार जास्त असला तर आत घासते.

आणि बोल्ट! फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचे बूड गोलाकार असते. बाहेरच्या कंपन्यांच्या पुष्कळ रिमांना निमुळत्या बुडाचे लागतात. जुने बोल्ट नव्या रिमेत फिरतात, घट्टही वाटतात, पण टेकलेले असतात नुसत्या कडेवर, आणि हळूहळू ढिले होतात. रिमांबरोबर त्यांचे जुळते वीस बोल्ट घेतलेच पाहिजेत, आणि मूळचे वीस उन्हाळ्याच्या चाकांबरोबर पिशवीत बांधून ठेवावेत.

हवेच्या दाबाचा दिवा लागतो म्हणून दुकानदार प्रत्येक चाकात सेन्सर घालायला सांगेल. अमेरिकेत २००७ पासून नव्या गाड्यांना दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे, कॅनडात तशी सक्ती नाही. काही गाड्या ब्रेकच्या यंत्रणेवरूनच दाब ओळखतात, त्यांना सेन्सर लागतच नाही. आधी ते विचारावे. दर पाच-सहा अंश थंडीला टायरचा दाब सुमारे एक पौंड उतरतो, तेव्हा दिवा असो की नसो, महिन्यातून एकदा गेज लावायचे. हे काम आपल्याइतके कोणी पटवून देणार नाही.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत. ३८२३ म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. फार जुना माल 'सवलतीत' घेऊ नये. बसवण्याआधी हबावरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा, बोल्ट पुस्तकातल्या जोरानेच आवळावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी गेल्यावर पुन्हा एकदा आवळून पाहावेत. उतरवलेल्या चाकांवर खडूने 'पु. डा.', 'मा. उ.' असे लिहून ती आडवी रचावीत.

पहिला बर्फ पडला की तिकडच्या दुकानांत पंधरा पंधरा दिवस नंबर लागत नाही. तेव्हा मुलीला दिवाळीचा फोन कराल त्याच फोनवर जावयांना घ्या. रिमा घ्यायला सांगा, १६ इंची, पोलादी. आणि मग विचारा, बोल्ट कोणते?